जुनी गाडी घेतलीत? मग टायमिंग बेल्ट कधी बदलायचा, ते धंद्याच्या हिशोबाने ठरवा



मागच्या व्हिडिओत आपण धंद्यासाठी जुनी गाडी घेताना किंमत कशी ठरवायची ते बघितलं. टायर, बॅटरी, इन्शुरन्स, आधीच्या मालकाचं कर्ज, सगळं बोललो. टायमिंग बेल्टवर मात्र मी दोन वाक्यं बोललो आणि पुढे गेलो. एडिटिंगला बसल्यावर माझंच मला हसू आलं. ज्या एका गोष्टीने माझं स्वतःचं सगळ्यात जास्त नुकसान केलं, तीच मी दोन वाक्यांत उरकली होती. म्हणून हा लेख. जरा मोठा आहे, पण गाडी घ्यायच्या विचारात असाल तर वेळ काढून वाचाच.

आधी माझी गोष्ट सांगतो.

२०१७ च्या पावसाळ्यात मी एक जुनी डिझेल हॅचबॅक घेतली. दुकान पॅकिंग मटेरियलचं, साताऱ्यात. मिठाईचे बॉक्स, पेपर कप, द्रोण, पिशव्या. सॅम्पल घेऊन आजूबाजूच्या गावांत फिरायचं, ऑर्डर घ्यायची, उधारी वसूल करायची, यासाठी गाडी हवी होती. गाडी कुठल्या कंपनीची होती ते सांगत नाही, कारण चूक कंपनीची नव्हती, माझी होती. मॉडेल २०१० चं, मीटर ७१,००० किलोमीटर, किंमत १,१०,०००.

विकणाऱ्याला मी शहाण्यासारखं विचारलं, "टायमिंग बेल्ट बदललाय का?" तो म्हणाला, "बदललाय की! बिल आहे." आणि खरंच बिल दाखवलं. त्यावर लिहिलेलं होतं, "बेल्ट बदलला, ६५० रुपये". मी बीबीए झालेला माणूस. कागद बघितला की माझा जीव भांड्यात पडतो. विषय संपला.

पुढच्या वर्षी, २०१८ ला, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मी कोरेगावला निघालो होतो. तिथल्या एका मिठाईवाल्याचे ४०० बॉक्स मागे सीट पाडून भरलेले. रस्त्यात गाडी अचानक बंद पडली. आवाज नाही, धूर नाही, झटका नाही. घरातला पंखा लाईट गेल्यावर थांबतो तशी थांबली. मी सेल्फ मारला. इंजिन फिरत होतं, आणि नेहमीपेक्षा हलकं, भराभर फिरत होतं. मला वाटलं डिझेल संपलं असेल. अजून चार-पाच वेळा सेल्फ मारला. दोन पोरं आली, त्यांनी धक्का दिला. काही उपयोग नाही. शेवटी टोचन लावून गाडी परत आणली.

मिस्त्रींनी वरचं कव्हर काढलं आणि माझ्याकडे बघितलं. बेल्ट तुटला होता. मी तोऱ्यात बिल पुढे केलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "शेठ, ह्यो फॅन बेल्ट हाय. टायमिंग बेल्ट साडेसहाशेत येतो व्हय?"

हेड खोललं. आठ व्हॉल्व्हपैकी सहा वाकलेले.

आता खर्च बघा. हेडचं काम, व्हॉल्व्ह, नवीन बेल्ट किट आणि मजुरी मिळून २४,८००. टोचनचे १,८००. तीन दिवस भाड्याचा टेम्पो, रोज १,५०० प्रमाणे ४,५००. एकूण ३१,१००. हा झाला दिसणारा खर्च. न दिसणारा वेगळाच. कोरेगावच्या त्या मिठाईवाल्याला बॉक्स दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचले. तोपर्यंत त्याने दुसऱ्याकडून माल उचलला होता. तो मला काही बोलला नाही, पण पुढच्या महिन्यापासून त्याची ऑर्डर आली नाही. महिन्याला साधारण १८,००० चं गिऱ्हाईक, माझं मार्जिन १२ टक्के, म्हणजे महिन्याला २,१६० आणि वर्षाला जवळजवळ २६,००० रुपये. आजही त्याच्या दुकानात दुसऱ्याचे बॉक्स दिसतात.

आणि हेच काम मी गाडी घेतल्या घेतल्या केलं असतं तर? त्याच मिस्त्रींनी तेव्हाचा आकडा सांगितला. किट आणि मजुरी मिळून साडेपाच हजार.

हा बेल्ट नक्की करतो काय?

थोडक्यात सांगतो, मेकॅनिक बनवायचं नाहीये तुम्हाला. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो, तो पिस्टन वर-खाली होताना फिरतो. वर हेडमध्ये कॅमशाफ्ट असतो, तो व्हॉल्व्ह उघड-बंद करतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हायला पाहिजे, आणि तोही बरोबर वेळेला. ही जोडी जुळवून ठेवणारा दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. बऱ्याच इंजिनांत, आणि डिझेलमध्ये तर सहसा, जागा इतकी कमी असते की बेल्ट तुटला आणि व्हॉल्व्ह उघडा राहिला तर पिस्टन वर येऊन त्याला धडकतो. मग माझ्यासारखं होतं. काही इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन भिडत नाहीत, तिथे नुसती गाडी बंद पडते. तुमचं इंजिन कुठल्या प्रकारातलं आहे ते त्या गाडीची कामं करणाऱ्या मिस्त्रीला विचारा. पण भिडत नाहीत म्हणून खूश होऊ नका. माल भरलेली गाडी रस्त्यात उभी राहिली, की गिऱ्हाईकाला तुमचे व्हॉल्व्ह वाकले की नाही याच्याशी देणंघेणं नसतं.

फॅन बेल्ट वेगळा. तो बाहेर दिसतो, अल्टरनेटर, एसी वगैरे फिरवतो, आणि स्वस्त असतो. टायमिंग बेल्ट कव्हरच्या आत असतो. विकणारा दर वेळी खोटंच बोलतो असं नाही. माझ्या विकणाऱ्यालाही कदाचित हा फरक माहीत नसेल. पण बिलावर "टायमिंग" हा शब्द, किलोमीटर आणि तारीख या तिन्ही गोष्टी नसतील तर ते बिल बेल्टसाठी रद्दी समजा.

आधी बघा, तुमच्या गाडीत बेल्ट आहे तरी का

सगळ्या गाड्यांत टायमिंग बेल्ट नसतो. कित्येकांत त्याच्या जागी लोखंडी चेन असते, आणि चेन ठरावीक किलोमीटरला बदलायची नसते. जुन्या बाजारातल्या नेहमीच्या गाड्या घ्या. स्विफ्ट, डिझायर, अर्टिगाचं १.३ डिझेल इंजिन चेनचं. साध्या इंडिका व्ही२ डिझेलला बेल्ट, पण इंडिका व्हिस्टा क्वाड्राजेटला चेन. नाव इंडिकाच, आत वेगळंच! ह्युंदाई आय१० च्या १.१ पेट्रोलला बेल्ट, १.२ कप्पाला चेन. जुन्या इनोव्हाच्या २.५ डिझेलला बेल्ट, क्रिस्टाच्या डिझेलला चेन. डस्टरच्या १.५ डिझेलला बेल्ट. ईको ही आपल्या धंदेवाल्यांची लाडकी गाडी, तिच्या जुन्या १.२ इंजिनला बेल्ट आहे, २०२२ च्या शेवटी आलेल्या नव्या इंजिनला चेन. म्हणून नुसतं गाडीचं नाव सांगून दुकानात विचारू नका. वर्ष आणि इंजिन सांगा.

चेन म्हणजे अमर नाही बरं का. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत चेनही ढिली होते, सकाळी पहिल्यांदा चालू करताना खडखड करते. तो आवाज आला तर गाडी सोडा, किंवा किमतीत धरा. पण तो वेगळा विषय.

किलोमीटर की वर्षं?

प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये मेंटेनन्सचं एक पान असतं. त्यात बेल्ट किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा ते दिलेलं असतं, आणि दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरायचं. हा आकडा गाडीप्रमाणे बदलतो. कुठे ६०,०००, कुठे १,००,०००, कुठे त्याहून जास्त. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा तुमच्या गाडीला लावू नका.

आता जुन्या गाडीत गंमत बघा. लोक फक्त किलोमीटर बघतात, वर्षं कुणी बघत नाही. बेल्ट रबराचा असतो. गाडी उभी राहिली तरी रबर जुनं होतं, बाजूला इंजिनची उष्णता असतेच. "डॉक्टरची गाडी, फार चालली नाही" हे वाक्य बेल्टला लागू होत नाही. १२ वर्षं जुनी आणि ४०,००० चाललेली गाडी असेल, आणि बेल्ट मूळचाच असेल, तर बदलायची वेळ होऊन गेलेली आहे.

दुसरं, मीटर. जुन्या बाजारात मीटर मागे फिरवलेल्या गाड्या असतात, हे काही मी नव्याने सांगायला नको. त्या गाडीत किलोमीटरचा हिशोब करणं म्हणजे खोट्या खातेवहीवर नफा काढणं.

तिसरं, ट्रॅफिक. हडपसरहून रोज मार्केट यार्डला जाणारी गाडी आणि साताऱ्याहून हायवेने कोल्हापूरला जाणारी गाडी, दोघींचं मीटर सारखंच पळालं असेल. पण सिग्नलला उभं असताना इंजिन फिरतच असतं, बेल्टही फिरतच असतो, फक्त मीटर पळत नाही. शहरात डिलिव्हरी केलेली गाडी असेल तर मॅन्युअलच्या आकड्याच्या बरंच आधी बदला.

जुनी डिझेल इनोव्हा घेणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. तिच्या डॅशबोर्डवर टायमिंग बेल्टचा दिवा असतो. ठरलेले किलोमीटर झाले की लागतो. पुष्कळांना वाटतं, दिवा बंद म्हणजे बेल्ट चांगला. तसं नाही. तो दिवा बेल्ट तपासत नाही, फक्त किलोमीटर मोजतो. आणि बेल्टला हातही न लावता तो बंद करता येतो. म्हणून दिव्यावर जाऊ नका, बिल मागा.

"कव्हर उघडून बघू, चांगला दिसला तर राहू दे"

हे मी सगळ्यात जास्त ऐकतो. कव्हर जरूर उघडून बघा. बऱ्याच गाड्यांत वरचं कव्हर चार-पाच बोल्टांत निघतं. बेल्टला भेगा, कडेला सुटलेले धागे, झिजलेले दात, किंवा ऑइलचा ओलावा दिसला, तर त्या गाडीतून घरीसुद्धा जाऊ नका. पण उलटं खरं नाही. चांगला दिसणारा बेल्ट चांगला असतोच असं नाही. वरून काळा, नीट दिसणारा बेल्टही तुटतो. शिवाय त्याला ताणून धरणारा टेन्शनर असतो, त्याचं बेअरिंग जाम झालं तर नवा बेल्टसुद्धा टिकत नाही. ते बेअरिंग वरून कळत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जुनी गाडी, बेल्टचं इंजिन, आणि धड पुरावा नाही, तर बेल्ट बदललेला नाही असंच धरायचं. गाडी ताब्यात आल्यावर पहिल्या आठवड्यात, पहिली डिलिव्हरी करायच्या आधी बदलायचा. याला मी मेंटेनन्स म्हणत नाही, हा गाडीच्या खरेदी किमतीचा भाग आहे. १,१०,००० ची गाडी मला तेव्हा १,१५,५०० ची पडली असती. तेवढी परवडत नव्हती, तर गाडीच परवडत नव्हती.

सौदा करतानाही हेच वापरा. विकणाऱ्याला शांतपणे म्हणा, "दादा, टायमिंग बेल्टचा पुरावा नाही, मला लगेच बदलायला लागेल, तेवढे कमी करा." निम्मे तरी कमी होतात. नाही झाले तरी बदला. गाडी आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जात असेल तर मालकाला सोबत घेऊन तिथे जा आणि गाडीच्या नंबरवर काय काय कामं झालीत ते विचारा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण कधी कधी साडेपाच हजार वाचतात. तारीख, किलोमीटर आणि टायमिंग बेल्ट किट असं रेकॉर्डवर मिळालं, तर उगाच बदलू नका. चार-सहा महिन्यांत गाडी काढायचीच आहे, तरी विचार करा. मग तो सौद्याचा प्रश्न होतो, धंद्याचा नाही.

बदलताना मिस्त्रीला काय सांगायचं

नुसता बेल्ट नको, टेन्शनर आणि आयडलर बेअरिंगसकट पूर्ण किट घ्या. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही बघून घ्या. कारण मजुरी खोलायची असते, पार्टची नाही. सहा महिन्यांनी पंप गेला तर तेच सगळं परत खोलायचे पैसे. क्रँक आणि कॅमचं ऑइल सील गळत असेल तर तेव्हाच बदला, नाहीतर नवीन बेल्ट ऑइलमध्ये भिजून खराब होईल. आणि एक प्रश्न नक्की विचारा, "सेल्फ मारायच्या आधी इंजिन हाताने दोन फेरे फिरवून खुणा जुळवल्यात ना?" चांगला मिस्त्री या प्रश्नावर चिडत नाही.

रिकामं पाकीट, पार्ट नंबर आणि बिल यांचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. बॉनेटच्या आतल्या बाजूला पेंट मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा. उद्या तुम्ही गाडी विकाल, तेव्हा हाच पुरावा तुमचे पैसे वाढवून देईल.

आणि गाडी माझ्यासारखी चालता चालता अचानक बंद पडली आणि सेल्फ हलका फिरतोय असं वाटलं, तर थांबा. परत परत सेल्फ मारू नका, धक्का तर अजिबात देऊ नका. माझ्या सहापैकी किती व्हॉल्व्ह त्या धक्क्यांनी वाकले, देव जाणे.

पुढचा बेल्ट आजपासून जमा करा

इथे बीबीए थोडं कामाला येतं. समजा तुमच्या गाडीचा आकडा ६०,००० किलोमीटर किंवा ५ वर्षं आहे आणि खर्च ५,५००. महिन्याला ३,००० किलोमीटर फिरत असाल, तर २० महिन्यांत वेळ भरते. दर किलोमीटरला ९ पैसे पडले. डिलिव्हरीचा दर काढताना डिझेल धरता, ड्रायव्हर धरता, मग हे ९ पैसे का नाही धरत? पण तुम्ही दुकानदार असाल, महिन्याला ६०० किलोमीटरच फिरत असाल, तर ५ वर्षांत ३६,००० च होतील. तुमच्यासाठी किलोमीटर नाही, कॅलेंडर महत्त्वाचं. महिन्याला ९२ रुपये बाजूला ठेवा. एका चहा-नाश्त्याचे पैसे.

आणि दिवस तुम्ही निवडा. मी गाडीची मोठी कामं पितृपंधरवड्यात काढतो. गणपती झालेले, नवरात्र यायचं, दुकानात माशा मारायची वेळ. मिस्त्रीकडेही गर्दी कमी. दिवाळीच्या तोंडावर मिस्त्री तुम्हाला उभं करणार नाही. तुमचा धंदा लग्नसराईचा असेल तर तुमचा रिकामा काळ वेगळा असेल, तो शोधा. फक्त नवीन घेतलेल्या जुन्या गाडीला हे थांबणं लागू नाही, तिचं काम पहिल्या आठवड्यात.

गेल्या बॅचमध्ये एक ताई होत्या. रहिमतपूरच्या बाजूला बेकरीचा माल पुरवायचं काम सुरू करायचं होतं. २०१४ ची ईको बघितलेली, मीटर ५८,०००. विकणारा म्हणाला, अजून खूप चालेल, बेल्टला काही होत नाही. पुरावा काही नाही. मी सांगितलं, बदला. पैसे कमी करायला तो तयार नव्हता, शेवटी २,००० सोडले. ताईंच्या घरी यावरून चांगलीच वादावादी झाली, कारण हातात भांडवल मोजकंच होतं आणि ओव्हनचा हप्ता सुरू झालेला.

मिस्त्रींनी जुना बेल्ट काढून त्यांच्या हातात दिला. उलटा करून बघितला, वाकवून बघितला, कुठे भेग नाही. ताईंनी मला फोन केला, "सर, हा तर चांगला दिसतोय. पैसे वाया गेले का माझे?" मी म्हणालो, "ताई, टेन्शनरचं बेअरिंग फिरवून बघायला सांगा." फोन चालूच होता. मिस्त्रींनी बोटाने फिरवलं, ते करकर आवाज करत होतं. अजून किती चाललं असतं? महिना, वर्ष, कुणालाच सांगता येणार नाही. बॉनेटच्या आत त्यांनी स्वतःच्या हाताने तारीख लिहिली, आणि सोमवारपासून पहाटे पाच वाजता पावाची पहिली फेरी सुरू केली.